झाकलेलं पान

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार पोचला असं समज, कारण तुझं पुस्तक पोचलं.

काल दुपारी पार्सलवाला थेट लॅबमध्येच आला. माझे दोन्ही हात प्लास्टरने भरलेले. एका आजीबाईंच्या खालच्या जबड्याचा साचा ओतायला घेतला होता, आणि ते काम मध्येच सोडता येत नाही, नाहीतर प्लास्टर घट्ट होऊन बसतं. म्हणून त्याला म्हटलं, ठेव बाबा तिकडे ट्रेवर. तुझी पहिली कादंबरी पहिला अर्धा तास कोणाच्या तरी कवळीवर बसून होती. मग हात धुतले आणि कागद फाडला. 'पाणी सोडण्याची वेळ', आणि खाली तुझं नाव. ते नाव मी शाळेच्या वह्यांवर पाहिलंय, पाणीपुरवठ्याच्या ओळखपत्रावर पाहिलंय, पण पुस्तकावर पहिल्यांदाच पाहिलं. शेजारच्या टेबलावर कवळीचे दात घासणाऱ्या पोरीला दाखवलं. ती म्हणाली, "तुमचे भाऊ? मोठे लेखक दिसतात." मी म्हटलं, आहेतच.

निवृत्त झाल्यावर लोक कुंड्या लावतात, नाहीतर गुडघ्यांवर बोलतात. तू कोणालाही न सांगता एवढी जाडजूड कादंबरी लिहिलीस, एक प्रकाशक गाठलास आणि छापून मोकळा झालास. वहिनीला तरी माहीत होतं की तिलाही पार्सलनेच कळलं?

वाचायला अजून घेतलेली नाही. सध्या कामाचा डोंगर आहे. तीन डॉक्टरांना एकाच आठवड्यात कवळ्या हव्यात, जणू गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी मिळून दात पाडून घेतलेत. निवांत वेळ काढून नीट वाचीन. घाईत वाचायचं पुस्तक नाही ते.

तू विचारलंस की तुमच्या त्या ग्रुपवर नक्की चालतं काय. तू फोन कपाटात ठेवणार आणि 'ज्याला बोलायचंय त्याने पत्र लिहावं' म्हणणार, तेव्हा तुला सगळं लिहूनच सांगायला हवं. ग्रुपचं नाव 'उशाशी पुस्तक'. चालवतात आमचे औषधवाले. त्यांचं औषधांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की ते काउंटरमागे कादंबऱ्या वाचतात. बाकी शंभरेक माणसं, बोलणारी दहा-बारा. एक मुलगी वर्षाला दीडशे पुस्तकं वाचते, तिला सगळे 'दीडशे' म्हणतात. एक गृहस्थ प्रत्येक कवितेखाली गुलाबाचं फूल टाकतात, मग ती कविता प्रेमाची असो की मढ्याची. एक 'तळटीप' नावाची बाई आहे, ती महिन्यातून एकदा एक ओळ लिहिते आणि गप्प होते. आणि मी. मला तिथे 'करवत' म्हणतात. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि संध्याकाळी लोकांचे दात पाडायचे, छान धंदा आहे तुझा.

पण मी एक चांगलं काम केलंय. ग्रुपवर 'छान' या शब्दाला बंदी आणलीय. जो तो उठतो आणि 'छान', 'खूप छान', 'अतिशय छान' लिहून मोकळा. मी लिहिलं, छान हा अभिप्राय नाही, ती जांभई आहे. ज्याने पुस्तक वाचलेलं नसतं किंवा ज्याला ते आवडलेलं नसतं तोच छान म्हणतो. औषधवाल्यांनी लगेच नियम करून टाकला. आता छान लिहिणाऱ्याला पुढच्या महिन्यात स्वतःच्या आवडीचं पुस्तक सुचवता येत नाही. चांगली शिस्त लागलीय सगळ्यांना.

वहिनीला आठवण सांग. गुडघ्याला तेल लावत जा.

धाकटी


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. 'कुठवर आलीस?' एवढ्या एका ओळीसाठी तू अख्खं पाकीट खर्ची घातलंस, तेव्हा आधी उत्तर देते.

वाचून झालं. छान आहे.

वातावरण छान आलंय. कागदही चांगला वापरलाय, आणि अक्षर मोठं आहे हे फार बरं केलं, नाहीतर हल्ली मुंग्यांसारखी अक्षरं छापतात. मुखपृष्ठावरचा निळा रंग मला थोडा गडद वाटला, पण आमच्या ह्यांना आवडला. तुझ्या कामाचे बारकावे छान उतरलेत. शेवटही छान. इतक्या वयात माणसाने असं काही करावं याचंच कौतुक वाटतं.

आता ग्रुपवरची गंमत ऐक. दीडशेने एक कविता टाकली. कुठल्याशा तरुण मुलाची, इंटरनेटवर हजारोंनी वाचलेली. 'तू गेलीस / आणि / चहा / गार झाला.' मी म्हटलं, हे एक वाक्य आहे. ते मोडून एकाखाली एक रचलं म्हणून कविता होत नाही. तसं तर मला काम सांगणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही कविताच आहेत. 'वरचा / उजवा / सुळा / जरा पिवळट हवा.' लोक खूप हसले. गुलाबवाल्यांनी माझ्या सुळ्यालासुद्धा गुलाब टाकला. पण दीडशेला काही हसू आलं नाही. तिने लिहिलं, "करवतताई, तुम्ही कवितेला भेटायला जाता की तपासायला?"

नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे खरं. दुसऱ्या दिवशी मेण वितळवताना तेच डोक्यात, आणि एका दाढेचं मेण जास्त तापलं. पोरगी लहान आहे, शिकेल हळूहळू.

बाकी सगळं ठीक. तू पुढची लिहायला घेतलीस असं वहिनी म्हणाली. लिही.

धाकटी


२० मार्च

दादा,

तुझं पत्र नाही. मला वाटलं टपाल रखडलं असेल. काल वहिनीचा फोन आला आणि कळलं की टपालाचा काही दोष नाही.

तू दुसरी कादंबरी सोडलीस म्हणे. लिहायचं टेबल उचलून मागच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलंस आणि आता त्यावर बटाटे पसरलेत. वहिनी असं सांगत होती जणू घरात कोणी आजारी आहे. सकाळी सहाला उठून लिहायला बसायचास, आता सहाला उठतोस आणि नुसता खिडकीशी बसतोस. वर मला विचारते, "तू त्यांना नक्की काय लिहिलंस गं?"

मी काय लिहिणार? मी चांगलंच लिहिलं होतं. ती म्हणाली, "ते पत्र वाचलं, त्याची घडी घातली आणि म्हणाले, छान म्हणतेय. बस, त्यानंतर एक शब्द नाही." मग मी तिला विचारलं, अगं मग वाईट काय आहे त्यात? ती म्हणाली, "काही नाही," आणि फोन ठेवून दिला. वहिनी अशी फोन ठेवत नाही कधी.

हे बघ दादा, चांगलं म्हटलं तरी रुसायचं असेल तर माणसाने करायचं काय? तुला काय वाटलं, मी ग्रुपवरच्यासारखी करवत चालवीन? सख्ख्या भावावर? पूर्ण पुस्तक वाचून, विचार करून लिहिलं मी. त्यावर तू एवढा मोठा माणूस टेबल काय हलवतोस. इतकी वर्षं पंपाचं काम केलंस. तिथे वरचा साहेब काही बोलला म्हणून पाणी सोडायचं थांबवलं होतंस का कधी?

बटाटे जमिनीवर ठेवले तरी चालतात. टेबल आत आण.

धाकटी


८ एप्रिल, सोमवार

दादा,

तू बोलत नाहीस तर नको बोलूस. मी लिहिणार, कारण कालपासून कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये, आणि आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं."

आमच्या ग्रुपवर दर रविवारी 'झाकलेलं पान' असतं. कोणीतरी एक सभासद एखाद्या पुस्तकातलं एकच पान औषधवाल्यांना पाठवतो. ते स्वतः टाइप करून ग्रुपवर टाकतात, म्हणजे छपाईवरूनही ओळखू येऊ नये. पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाही, पाठवणाऱ्याचंही नाही. ज्याने ओळखलं त्याने तोंड मिटून बसायचं. बाकीच्यांनी नाव न बघता फक्त त्या पानाबद्दल लिहायचं. मंगळवारी संध्याकाळी नावं उघड होतात. एरवी जो तो नाव बघून माना डोलावतो, त्यावर हा उपाय माझाच. पुष्कळदा मोठमोठी माणसं तोंडघशी पडतात, मला फार मजा येते.

तर कालचं पान. एका म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पट्टी बांधलीय. नवरा कॉटशेजारी बसलाय. ती म्हणते, काहीतरी वाच ना मला. त्याच्याजवळ पुस्तक नाही. म्हणून तो औषधाच्या खोक्यातली ती बारीक घडीची पत्रिका काढतो आणि वाचायला लागतो, अगदी गंभीरपणे, पुस्तकातल्यासारखं. 'हे औषध थंड व कोरड्या जागी ठेवावे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.' मग बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर वाचतो, मग भिंतीवरची शांतता राखण्याची पाटी. मग वाचण्यासारखं काहीच उरत नाही. तरी तो थांबत नाही. ती पत्रिका पुन्हा उघडतो आणि म्हणतो, 'पण एका मुलाच्या हाती ते लागलंच. तो मुलगा नदीपलीकडे राहत होता.' आणि गोष्ट सुरू. बाईला कळतं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात येतं की कागदाचा आवाज आलेला नाही, आणि ती म्हणते, "पान उलट की." तो हातातली ती पत्रिका उलटतो. तिथे पान संपतं.

दादा, रविवार असूनही कामाला आले होते, लॅबमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि खुर्चीत बसले. किती साधं. कुठे प्रेम नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. तिला कळलंय हे लेखकाने सांगितलंसुद्धा नाही फार, नुसतं पान उलटायला लावलं. मी ग्रुपवर त्यावर एवढं लिहिलं की औषधवाल्यांनी खाली विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी लिहिलं, या माणसाला कधी, काय सांगायचं नाही ते कळतं. याचं दुसरं काही असेल तर मला आत्ता हवंय. मी पैजेवर सांगते, कोणीतरी मुरलेला लेखक आहे, पन्नास वर्षं लिहीत असणार.

हे तुला मुद्दाम सांगतेय. रागावू नकोस, पण लिहावं तर असं. तू लिहायचं सोडलंस, पण वाचायचं तर सोडलेलं नाहीस ना. उद्या नाव कळलं की ते पुस्तक तुला पाठवते. तुला खूप शिकायला मिळेल त्यातून.

हे पत्र आत्ता जाताजाता पेटीत टाकते.

धाकटी


१० एप्रिल

दादा,

आधीचं पत्र आलं असेल तर फोडू नकोस. फोडलं असशील तर शेवटचा भाग वाचू नकोस. वाचला असशील तर, आता काय सांगू.

काल संध्याकाळी औषधवाल्यांनी लिहिलं: 'पाणी सोडण्याची वेळ, पान १७२. लेखकाची ही पहिलीच कादंबरी आहे.' खाली तुझं नाव. त्याखाली: 'पान पाठवणारी: तळटीप.'

माझे डोळे पांढरे झाले. मी फोन ओट्यावर पालथा घातला, जणू त्याने काही फरक पडणार होता. पाच मिनिटांनी उचलला तर दीडशेचा प्रश्न: "करवतताई, हे आडनाव तुमच्या माहेरचं ना? तुम्हीच फेब्रुवारीत फोटो टाकला होतात, माझ्या भावाचं पुस्तक म्हणून." त्यावर गुलाबवाल्यांचा गुलाब. मग औषधवाले: "म्हणजे बाईंनी ओळखलं नाही?" कोणी हसलंसुद्धा नाही, हसले असते तर बरं वाटलं असतं.

मी वहिनीला फोन केला. म्हटलं, तळटीप तूच का गं? म्हणाली, "हो. तीन वर्षं झाली. तुझी करवत चालताना बघायला येते." मग म्हणाली, "तू वाचलेलं नाहीस हे मला फेब्रुवारीतच कळलं. ज्याने वाचलंय तो माणूस कागदाबद्दल लिहीत नाही. त्यांना मात्र वाटलं की तू वाचलंस आणि तुला आवडलं नाही. मी सांगून त्यांना पटलं नसतं. मग म्हटलं तूच सांग."

तेव्हा सांगते. मी अडतिसाव्या पानावर थांबले होते. पहिल्या अडतीस पानांत एक मुख्य जलवाहिनी आहे, तिचे व्हॉल्व्ह आहेत, त्या व्हॉल्व्हची चाकं आहेत आणि त्या चाकांना तेल कधी द्यायचं ते आहे. आणि मला भीती वाटली. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी हसत हसत फाडून काढलं असतं. तुझं होतं. पुढेही असंच निघालं तर तुला काय सांगायचं, या भीतीने मी पुस्तक मिटून कवळ्यांच्या मोठ्या कॅटलॉगखाली ठेवलं. आणि तुला तो शब्द लिहिला, मी लोकांना लिहू देत नाही तो. तू ओळखलंस. तू ओळखणारच होतास, मीच तर तुला त्याचा अर्थ लिहून कळवला होता.

पण सोमवारचं पत्र खोटं नाही. ते मी तुझ्यासाठी लिहिलेलंच नव्हतं, म्हणून तर ते पूर्ण खरं आहे. पुस्तक आज कॅटलॉगखालून बाहेर काढलंय. झाल्यावर लिहिते. तोवर बटाट्यांना हात लावू नकोस, म्हणजे लाव, आणि हलव.

धाकटी


२ मे

दादा,

वाचलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि मधली काही पानं दोनदा.

तुझी कादंबरी पान एकशे चाळीसला सुरू होते. त्याआधीचं सगळं तू स्वतःला तयारी म्हणून लिहिलंयस, ते वाचकाला द्यायचं कारण नव्हतं. व्हॉल्व्हचं मी बोलले. पावसाळ्याआधीची तपासणी तीन वेळा येते, तिन्ही वेळा तीच. त्या साहेबाच्या तोंडी तू जे लांब भाषण घातलंयस तसं कोणी बोलत नाही, तुझा साहेबसुद्धा बोलत नसणार. आणि 'तिच्या डोळ्यांत अथांग काहीतरी होतं' हे वाक्य तुझं नाही, कुठून तरी उचलून आणलंयस, परत देऊन ये.

हे झालं. आता पुढचं. एकशे चाळिसाव्या पानावर त्याची बायको पंपघरात डबा घेऊन येते आणि यंत्रांच्या आवाजात त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ती दोघं तीस वर्षं हातवाऱ्यांनीच भांडत आलीत, हे जे आहे ना, तिथून मला पुस्तक खाली ठेवता आलं नाही. लॅबमध्ये मांडीवर ठेवून वाचलं. एका कवळीच्या पुढच्या दोन दातांची अदलाबदल झाली, डॉक्टरांनी परत पाठवली. त्याची बायको ऑपरेशननंतर घरी येते आणि पंपाचा आवाज बंद केलेला असतो, तिथे मी रडले, ह्यांच्यासमोर. हे म्हणाले, "अगं हो, तिथे मलाही जरा झालं." म्हणजे काय म्हणून विचारलं तर कळलं, ह्यांनी फेब्रुवारीतच पूर्ण वाचलंय. लिफ्टच्या दुरुस्तीला जाताना कॅटलॉगखालून काढून बरोबर न्यायचे. आयुष्यात वर्तमानपत्राचं दुसरं पान न वाचलेला माणूस. आणि ऐक, त्यांना सगळ्यात काय आवडलं तर व्हॉल्व्ह. म्हणाले, "इतकं नीट कोणी समजावून सांगत नाही." तेव्हा माझं सगळं बरोबरच असेल असं नाही. पण व्हॉल्व्ह काढ.

आता एक सांगायचंय आणि ते मला लिहायला जमेल की नाही माहीत नाही.

१७२ वर पुन्हा आले. या वेळी माहीत होतं की तूच लिहिलंयस. आणि मग एकदम आठवलं. मी सात-आठ वर्षांची, डोळे आले होते, दोन्ही डोळ्यांवर ओल्या घड्या, खोलीत अंधार. आई कामाला गेलेली. मी रडून रडून तुला म्हणत होते, वाच ना काहीतरी, आणि घरात तेव्हा पुस्तक नव्हतं. तू आईच्या शिलाई मशीनचं माहितीपत्रक काढलंस. खिडकीच्या फटीशी बसून वाचलंस. 'सुई बदलताना यंत्र बंद ठेवावे. दोरा डावीकडून ओवावा. तेवढ्यात तिथे कोल्हा आला.' मला तो कोल्हा इतका आवडला होता. मी कित्येक वर्षं समजत होते की शिलाई मशीनच्या माहितीपत्रकात कोल्ह्याची गोष्ट असते. लग्नानंतर मशीन घेतलं तेव्हा मी त्याचं माहितीपत्रक शेवटपर्यंत चाळलं होतं. हे विचारत होते, काय शोधतेस.

चारशे पुस्तकं वाचली असतील मी. लोकांना चुका दाखवल्या, कवितांचे तुकडे केले, सगळ्या ग्रुपला शिस्त लावली. आणि मला वाचायला कोणी लावलं ते पानावर समोर छापून आलं तरी ओळखता आलं नाही. पण दादा, आवडलं तेच. न ओळखताही आवडलं. मला त्याचा फार आनंद झालाय, इतका की लाज वाटायची राहूनच गेली.

ग्रुपवर मी सगळं लिहून टाकलं, अडतिसाव्या पानासकट. औषधवाल्यांनी नियमाप्रमाणे मला पुढच्या महिन्यात पुस्तक सुचवायला बंदी केली. दीडशेने खाली लिहिलं, "बरं झालं भेटून आलात." चांगली पोरगी आहे. तिच्या त्या गार चहाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

तू लिही. मला आवडेल न आवडेल, ते मी खरं सांगीन, या वेळी वाचून. पण तू टेबलाशी बस. तू नुसता खिडकीशी बसलायस या विचाराने मला झोप लागत नाही नीट.

धाकटी


३० मे

दादा,

काय हे पत्र. आठ पानं, आणि आठही पानं भांडण. व्हॉल्व्ह का काढायचे नाहीत यावर चार, आमच्या ह्यांची साक्ष काढण्यात एक, साहेब खरोखर तसाच बोलायचा हे सिद्ध करण्यात दोन. 'अथांग' मात्र तू मुकाट्याने मागे घेतलंस, ते एका ओळीत उरकलंस, बघितलं मी. उरलेल्या पानावर एप्रिलमधल्या त्या सोमवारी मी लिहिलेलं पत्र तू कितीदा वाचलंस ते आहे, आणि 'पन्नास वर्षं लिहीत असणार' याखाली तू लाल शाईने रेघ मारलीयस म्हणे. वहिनी म्हणाली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतोस. पुरे कर आता.

ह्यांनी तुझी ती चार पानं दोनदा वाचली आणि मला म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." घरात आता दोन विरुद्ध एक झालंय. चालेल. मी काही व्हॉल्व्हवरून हटणार नाही.

आणि पत्राबरोबरचं जाड पाकीट मी मुद्दाम शेवटी उघडलं. हाताने लिहिलेली तीस पानं, कडेला बटाट्याच्या मातीचे डाग. मी वहिनीला लगेच फोन केला. ती म्हणाली, "पहाटे कधीतरी टेबल आत आलं. मी विचारलं नाही." तिचा आवाज ऐकला आणि जीव भांड्यात पडला.

तर या तीस पानांबद्दल. पेन्सिलने खुणा केल्यात, परत पाठवतेय. पान तीनवरचा सकाळचा देखावा काढ, सकाळ झाली एवढं पुरे. पान नऊवर नणंद जे बोलते ते अगदी माझ्यासारखं आहे, ते मी ओळखलं, या वेळी पटकन ओळखलं, आणि मी असं बोलत नाही. पान चौदा आणि पंधरा उत्तम. तिथे हात लावू नकोस, मी सांगितलं तरी लावू नकोस. शेवटच्या दहा पानांवर खुणा नाहीत. तिथे काही दोष नाही असं नाही, असतील. पेन्सिल हातातून कधी खाली ठेवली ते मला समजलंच नाही.

ग्रुपला यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. हे झाकलेलंच राहू दे. वहिनी, तू हे पत्र त्याच्याआधी वाचतेस हे मला माहीत आहे. पुढची पानं आधी इकडे पाठव, मग तू वाच. तू तीन वर्षं गुपचूप वाचलंयस, तुझा कोटा संपला.

काम पडलंय. दोन डॉक्टरांचे फोन येऊन गेले, मेण थंड झालंय, शेजारची पोरगी सारखी माझ्याकडे बघतेय की बाई आज काम का करत नाहीत.

धाकटी

ता. क. दादा, तुझ्या नायिकेला तू दाराशी आणून ठेवलंस, बाहेर तो अकरा वर्षांनी आलेला, तिचा हात कडीवर, आणि तिथेच तीस पानं संपवलीस. असं करतात का माणसाला? बाकी सगळं सवडीने लिही. आधी एका ओळीत एवढं कळव, तिने कडी काढली का?